विचार करून सांगतो

माझं तोंड मला एक दिवस महागात पडणार, असं माझी आई म्हणायची. पडलं. आणि पडलं तेही कुठे, तर चर्चच्या हॉलमध्ये, लग्न ठरलेल्या सात-आठ जोड्यांसमोर, लग्न म्हणजे काय हे त्यांना शिकवताना.

आमच्या चर्चमध्ये लग्नाआधीचे वर्ग होतात. ते पुरे केल्याशिवाय फादर कोणाला तारीख देत नाहीत. त्या वर्गांचे काही रविवार आम्हा नवराबायकोकडे असतात. आम्ही फार शिकलेसवरलेले नाही. सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचं आमचं दुकान आहे. पण तीसेक वर्षं एका छपराखाली काढून, एकाच सोफ्याला दोन बाजूंनी भिडून आम्ही अजून एकमेकांचा जीव घेतलेला नाही, एवढ्या पुण्याईवर जुन्या फादरांनी आम्हाला हे काम दिलं होतं. बोलायचं खातं माझ्याकडे. आमचे हे बाजूच्या खुर्चीवर बसतात आणि कोणी काही विचारलं की म्हणतात, "विचार करून सांगतो." पुढच्या रविवारी खरंच सांगतात. गिऱ्हाइकं ह्यांना 'सावकाश' म्हणतात आणि मला 'तोफ'. तोंडावर नाही म्हणत, पण मला कान आहेत.

तर वर्गाची सुरुवात मी नेहमी आमच्याच लग्नाच्या गोष्टीने करायची. मुलं-मुली बिचारी अंग चोरून बसलेली असतात, जरा हसली की मोकळी होतात. त्या रविवारी धाकटे फादर पहिल्यांदाच आमचा वर्ग ऐकायला आले होते. नवीनच बदलून आलेले, वय आमच्या लेकीएवढं, कपाळावर कायम एक आठी. मला वाटलं, चला, ह्यांनाही हसवू.

मी सांगितलं, लग्नाच्या दिवशी सकाळी चर्च भरलेलं, माझ्या हातातली फुलं घामाने भिजलेली, आणि आमचे तेव्हाचे फादर तापाने फणफणलेले. इतके की घंटा वाजवणाऱ्याला बिशप समजून मुका घ्यायला त्याच्या बोटातली अंगठी शोधत होते. आता लग्न लावणार कोण? माझे एक मामा दूरच्या गावी फादर होते. ते आले होते पाहुणे म्हणून, जेवायला. बाबांनी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "तूही फादरच ना? मग लाव." मामा बुटके आणि गोल, आमचे फादर उंच. त्यांचा झगा मामांच्या पायात येत होता, तो एका हाताने वर धरून त्यांनी दुसऱ्या हाताने आमचं लग्न उरकलं. कोणाला विचारलं नाही की काही नाही.

मुलं खो-खो हसली. धाकटे फादर हसले नाहीत.

"कोणालाच विचारलं नाही?" त्यांनी विचारलं.

"विचारणार कोणाला, फादर? खाटेला?" मी म्हटलं, आणि वर्ग पुन्हा हसला. फादरांच्या कपाळावर दुसरी आठी आली. मी आपली पुढे बोलतच राहिले, कारण मला ब्रेक नाही हे जगजाहीर आहे.

तीन-चार दिवसांनी त्यांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. आधी पाणी दिलं. फादर पाणी देतात तेव्हा समजावं, बातमी कोरडी आहे. म्हणाले, बाहेरच्या फादरांना आपल्या चर्चमध्ये लग्न लावायचं असेल तर इथल्या मुख्य फादरांची किंवा बिशपांची परवानगी लागते. ती नसेल तर त्यांना लग्नाला उभं राहायचा अधिकारच नसतो. मामांना ती कोणी दिली नव्हती. देणारा तापात होता. फादरांनी बिशपांच्या ऑफिसात कायदा जाणणाऱ्या दुसऱ्या फादरांनाही विचारून घेतलं होतं.

"म्हणजे काय झालं?" मी म्हटलं.

"म्हणजे तुमचं लग्न," फादर म्हणाले, "झालेलं नाही, असंच धरावं लागेल."

मी आयुष्यात फार कमी वेळा गप्प बसले आहे. त्यातली ही एक. फादर घाईघाईने सांगू लागले की यात तुमचं पाप काही नाही, तुम्ही तर मनापासून केलंत, लेकीच्या हक्काला कसलाही धक्का नाही, आणि उपाय अगदी साधा आहे. येत्या शनिवारी या, दोन साक्षीदार आणा, एकमेकांना पुन्हा वचन द्या, झालं. "फक्त तोपर्यंत..." एवढं बोलून त्यांचे कान लाल झाले. "तोपर्यंत भाऊबहिणीसारखं राहायचं."

"फादर," मी म्हटलं, कारण एव्हाना माझी वाचा परत आली होती, "ह्यांची पाठ आणि माझे गुडघे, दोघांनी ते व्रत केव्हाच घेतलंय."

फादर हसले, मीही हसले. मनात म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना, शनिवारी सकाळी येऊ आणि दहा वाजता दुकान उघडू. मी उठलेसुद्धा. आमचे हे उठले नाहीत. हातातल्या ग्लासाकडे बघत बसले होते.

"शनिवारी नको," हे म्हणाले. "मला विचार करायचाय."

"कसला?" फादरांनी विचारलं.

"लग्न करायचं की नाही, याचा."

घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. आल्यावर मात्र जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंत, तेव्हा विचार केला नाही? लेक झाली तेव्हा? तुमचं पोटाचं ऑपरेशन झालं, मी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले, तेव्हा मी कोण होते, शेजारीण? ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर आहे. पण मला वेळ दे." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटावं तर निदान आवाज येतो.

खरं सांगते, मला राग आला होता तो वरवरचा. आत भीती होती. हा माणूस घाईने काही करत नाही आणि उगाच काही बोलत नाही. त्याने विचार करतो म्हटलं म्हणजे तो खरंच विचार करणार, आणि विचाराअंती 'नाही' आलं तर 'नाही'च सांगणार. मला ह्यांचं 'हो' हवं होतं. इतकं कधी काही हवंसं वाटलं नव्हतं.

काम थांबत नाही. सोफ्याच्या सांगाड्यावर खालचे पट्टे ताणून बसवायचे तर दोन माणसं लागतात, एकाने ओढायचं, दुसऱ्याने खिळा मारायचा. आमच्यात मी ओढते. त्या आठवड्यात मी असे पट्टे ओढले की लाकूड कण्हायला लागलं.

"फ्रेम मोडेल," हे म्हणाले.

"मोडू दे. सगळंच मोडतंय," मी म्हटलं.

ह्यांनी खिळा मारला. बरोबर मधोमध, नेहमीसारखा. त्याचाही मला राग आला.

लेकीला फोनवर सांगितलं. ती दुसऱ्या शहरात नर्स आहे. आधी ती हसतच सुटली. "आई, म्हणजे मी आता तुमचं लग्न बघणार? किती जणींच्या नशिबात असतं असं." मग मी रडतेय हे तिच्या लक्षात आलं. "बाबा असं का करतायत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या बाबांनाच विचार. मला सांगितलंस तर उपकार होतील." तिने विचारलंही. हे तिला म्हणाले, "विचार चाललाय."

रविवारी मिस्साला गेलो. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली तसे सगळे उठले आणि लग्न पक्कं होईपर्यंत प्रसाद नको म्हणून हे बाकावरच बसून राहिले. मग मीही बसले, एकटी कशी जाऊ? पुढच्या बाकावरची मान वळली, मागे कुजबुज सुरू झाली. चर्चमध्ये माणसं डोळे मिटून प्रार्थना करतात आणि तरी त्यांना सगळं दिसतं. वर्गही मी फादरांना सांगून दुसऱ्यांकडे सोपवला. ज्यांचं स्वतःचंच लग्न नाही त्यांनी लोकांना काय शिकवायचं, कपाळ?

त्यात आणखी एक. हे दुपारचं जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर जायला लागले. कुठे जाता म्हटलं की, "येतो जाऊन." परत यायचे तेव्हा हातांना वेगळ्याच गोंदाचा वास. दुसरी कोणी बाई असेल अशी शंका मला आली नाही. बाईला विचारायचं ठरवेपर्यंत ह्यांना मोक्ष मिळाला असता. पण नवऱ्याला आपल्यापासून काही लपवायचंय, हेच मला नवं होतं.

दोन-तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी धाकट्या फादरांनी मला एकटीलाच बोलावलं. पाणी दिलं नाही, तेव्हा मला जरा धीर आला.

"आणखी एक वाट आहे," ते म्हणाले. "बिशपांना अधिकार असतो. ते एका सहीने तुमचं लग्न मुळापासून पक्कं करू शकतात. अगदी पहिल्या दिवसापासून. मग पुन्हा वचन द्यायला नको, चर्चमध्ये उभं राहायला नको. तुमच्या यजमानांनी तेव्हा दिलेलं वचन मागे घेतलेलं नसलं, म्हणजे झालं. आणि त्यांनी तसं काही म्हटलेलं नाही, फक्त विचार करतो म्हणालेत. मी अर्ज तयार करू का?"

"ह्यांना विचारावं लागेल?"

"मोठं कारण असेल तर एकाला न सांगताही करता येतं."

देवाशप्पथ सांगते, माझ्या तोंडातून 'करा' निघालंच होतं. एक सही. ह्यांना कळायच्या आत मी पुन्हा ह्यांची बायको, आणि ती कधी नव्हतेच असं कोणाला म्हणता येणार नाही. रविवारी ताठ मानेने रांगेत उभी राहीन. ह्यांचा विचार चालू राहील तर राहू दे, चालू दे बापडा.

पण मी इतकी वर्षं त्या हॉलमध्ये उभी राहून काय बडबडले होते? मुलांना मी हेच सांगायची की तुमचं लग्न फादर लावत नाहीत. बाप्तिस्मा फादर देतात, मिस्सा फादर करतात, पण हा एक साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, असा आहे की तो तुम्ही एकमेकांना द्यायचा. तू तिला द्यायचास, तिने तुला द्यायचा. फादर उभे असतात ते साक्षीला. आणि लग्न हे पाचारण आहे असं आपण म्हणतो ना, पाचारण म्हणजे हाक. हाक मारणं एकाचं काम, ओ देणं दुसऱ्याचं. कोणाच्या वतीने ओ देता येत नाही. हे सगळं मी चहाचा कप हातात घेऊन, खडाखडा म्हणून दाखवायची. पाठ होतं मला. आता ते माझ्याच नरड्याशी येऊन बसलं.

"नको, फादर," मी म्हटलं.

"पण त्यात वावगं काही नाही. चर्चच्या नियमात बसतं."

"नियमात बसत असेल. माझ्यात बसत नाही. सही बिशपांची, नवरा माझा, आणि त्याला पत्ता नाही? ह्यांनी दिलं तर घेईन. नाही दिलं तर..." पुढचं मला बोलता आलं नाही. मग बोलले. "नाही दिलं तर रडेन. पण असं चोरून घेणार नाही."

फादरांच्या कपाळावरची आठी गेली आणि ते म्हणाले, "मी तुमच्या दोघांसाठी प्रार्थना करतो." मी म्हटलं, "जरा जोरात करा, ह्यांच्याकडे पोचायला वेळ लागतो."

दुकानात आले तेव्हा हे एका जुन्या आरामखुर्चीच्या स्प्रिंगा सुतळीने बांधत होते. मी पर्सही खाली ठेवली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, फादरांनी असं असं सुचवलं आणि मी नको म्हणून आले. "तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या," मी म्हटलं. "मी आता विचारणार नाही. आणि 'नाही' म्हणायचं असेल तर 'नाही' म्हणा. मला चालणार नाही, पण म्हणा."

ह्यांनी गाठ पूर्ण मारली. अर्धवट गाठ सोडणारा माणूसच नाही हा. मग सुतळी खाली ठेवली आणि स्टुलावर बसले.

"तुझ्या बाबांनी मला लग्नाचं विचारलं, तेव्हा मी कुठे होतो माहीत आहे?"

"इथेच. दुकानात."

"त्यांच्या दुकानात, त्यांच्या हातोडीने, त्यांच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीला खिळे मारत होतो. वर माळ्यावर झोपायचो. आगेमागे कोणी नाही. ते म्हणाले, मुलगी देतो, दुकान सांभाळ. नाही म्हटलं असतं तर संध्याकाळी रस्त्यावर. मी हो म्हटलं. पण ते हो मी म्हटलं की माझ्या पोटाने, हे मला कधी कळलंच नाही."

"इतक्या वर्षांत?"

"तुझ्यावर जीव जडला, ते कळलं. ते फार लवकर कळलं. पण त्या दिवशी फादरांच्या पुढे मी जे म्हटलं, ते नोकराने मालकाला म्हणावं तसं होतं. लोक घरजावई म्हणून हसले, त्याचं काही नाही. पण वर्गात ती पोरं उभी राहतात, तू त्यांना विचारतेस, राजीखुशीने आलात का. दरवेळी मी मान खाली घालायचो. त्या दिवशी फादर म्हणाले की तुमचं लग्न झालंच नाही, आणि मला वाटलं, देवाने मला परत विचारलं."

मी मटकन सोफ्यावर बसले. सोफ्याला कापड लावायचं राहिलं होतं, काथ्या टोचत होता, पण उठावंसं वाटलं नाही.

"मग रोज जात होता कुठे?"

"नोकरी शोधायला."

"या वयात?"

"नदीपलीकडे फर्निचरचा मोठा कारखाना आहे ना, तिथे. त्यांनी परीक्षा घेतली. एक खुर्ची पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायला सांगितली. त्यांच्याकडे सगळं मशीनवर, स्प्रिंगा हाताने बांधणारं कोणी उरलं नाही. नवी पोरं शिकवायला माणूस हवाय. राहायला खोलीही देतात." ह्यांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला. एवढं एका दमात बोलायची सवय नाही ह्यांना. "शनिवारपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले. आता मला जायला जागा आहे. आता मला 'नाही' म्हणता येतं."

"मग म्हणताय?"

"शनिवारी चर्चमध्ये सांगतो. फादरांना सांग, आम्ही येतो."

"आत्ता सांगायला काय होतंय? तिथे चारचौघांत माझी शोभा करणार?"

"इथे सांगितलं तर मग तिथे काय सांगू?" हे म्हणाले. आणि उठता उठता आणखी एक म्हणाले. "तूही विचार कर. दुकान तुझं, घर तुझं. मी गेलो तरी तुझं काही अडणार नाही. तुलाही कोणी विचारलं नव्हतं."

मी कसला विचार करणार? मला वाटलं, माझं तर ठरलेलंच आहे, टांगणीला लागलंय ते ह्यांचं उत्तर. शनिवारपर्यंत मी तीन वेळा साडी बदलून पाहिली आणि तिन्ही वेळा स्वतःलाच शिव्या दिल्या, की बाई, आधी नवरा तर मिळू दे.

शनिवारी सकाळची मिस्सा संपली. लेक आली होती, साक्षीदार म्हणून, आणि दुसरा साक्षीदार घंटा वाजवणारा, त्या वेळच्या घंटावाल्याचा मुलगा. मला वाटलं होतं, चर्च रिकामं असेल, दोन मिनिटांत जे व्हायचं ते होईल. वळून बघते तर वर्गातल्या सगळ्या जोड्या ओळीने बसलेल्या. कोणी सांगितलं कोण जाणे. रविवारी कुजबुजणाऱ्या बायकाही हजर. बसू दे म्हटलं. झाकली मूठ उघडायची तर सगळ्यांसमोर उघडू दे.

धाकट्या फादरांनी पुस्तक उघडलं. मुख्य फादर आजारी नव्हते, परवानगी लेखी होती, आणि झगा लग्न लावणाऱ्याच्याच मापाचा होता. त्यांनी आधी ह्यांच्याकडे पाहून विचारलं, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने, पूर्ण मनाने तुम्ही हे लग्न करायला आला आहात का?

मी बाजूने बघत होते. हे विचार करत होते. तिथे, वेदीसमोर, खरोखर विचार करत होते, लाकडाची जात ओळखायला हात फिरवतात ना, तसा चेहरा. मागे कोणाची तरी चप्पल वाजली तेवढीच. लेकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी मनात म्हटलं, देवा, तुझी मर्जी, पण लवकर सांग.

"हो," हे म्हणाले. "आलो आहे. माझ्या पायांनी आलो आहे." पुस्तकात एवढं नसतं. फादरांनी चालवून घेतलं.

मी इतका मोठा श्वास सोडला की पहिल्या बाकावरच्या बाईने ऐकला असेल. मग फादर माझ्याकडे वळले आणि तोच प्रश्न त्यांनी मला विचारला.

आणि मला उत्तर देता येईना.

मी तोंड उघडलं होतं. 'हो' जिभेवर होतं, तीन आठवडे ते तिथेच बसलं होतं. पण प्रश्न माझ्या कानात शिरला आणि मला दिसले ते माझे बाबा, स्वयंपाकघराच्या दारात उभे. मी भांडी घासत होते. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुझं लग्न. तो आपला कारागीर, त्याच्याशी." गोणपाटाची ऑर्डर दिल्यासारखं सांगितलं आणि दुकानात गेले. मी भांडी घासत राहिले. माणूस चांगला होता, मला तो आवडायचाही, म्हणून मी कधी त्यावर विचार केला नाही. मला कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, आईने नाही, झगा सावरणाऱ्या मामांनी विचारलं असेल, पण मी ऐकलं नव्हतं, मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. सगळ्यांना वाटतं, तोफेला कोण काय सांगणार. त्या दिवशी मी एखाद्या पार्सलासारखी उभी होते.

मला आत्ता राग आला. तिथे, वेदीसमोर, सगळ्या चर्चसमोर, तीसेक वर्षांचा शिळा राग. आणि मला कळलं की मलाही 'नाही' म्हणता येईल. दुकान माझं, घर माझं, हातात काम. खरंच म्हणता येईल.

"आई?" लेक मागून हळूच म्हणाली.

फादरांच्या कपाळावर ती आठी परत आली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मला खुणावलं नाही, हात दाबला नाही, काही नाही. फक्त उभे होते. आणि हे घाबरले होते. ओठ कोरडे पडले होते, रुमाल मुठीत चुरगळला होता. एवढी वर्षं मी ह्यांना आजारी पाहिलं, थकलेलं पाहिलं, असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ह्या माणसाने सगळी दारं उघडून ठेवली होती, स्वतःची आणि माझीही, आणि आता मी कुठल्या दाराने जाते हे बघत उभा होता. मला विचारणारा हा पहिलाच.

माझा राग कुठे गेला ते मला माहीत नाही. मला भरून आलं, आणि माझं ह्या माणसावर प्रेम आहे, हे मी माझ्या मनात पहिल्यांदा असं सरळ शब्दांत म्हटलं.

"हो," मी म्हटलं. आवाज मागच्या दाराबाहेर गेला असणार, कारण रस्त्यावरून जाणारा एक माणूस आत डोकावला.

पुढचं सगळं मला नीट आठवतं. ह्यांनी माझा उजवा हात हातात घेतला. सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि धडधाकट असताना, आयुष्यभर. पहिल्या वेळी ते शब्द माझ्या डोक्यावरून गेले होते. ह्या वेळी आजारपण म्हणताना मला दवाखान्याचा तो बाक आठवला, दुःख म्हणताना आमचा जन्मतःच गेलेला मुलगा, आणि सुख म्हणताना तर किती काय काय. ते सगळं होऊन गेलेलं मी आता माझ्या हाताने ह्यांना देत होते, आणि हे घेत होते. ह्यांचं बोलून झालं तेव्हा ह्यांचे डोळे वाहत होते आणि ह्यांना ते पुसायचं सुचत नव्हतं. मी पुसले. पदराने, सगळ्यांसमोर. बायको आहे मी.

वर्गातली पोरं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. चर्चमध्ये टाळ्या वाजवाव्यात की नाही हे मला माहीत नाही, फादरांना विचारायला हवं. पण तेच वाजवत होते. घंटावाला साक्षीदाराची सही करून धावत मनोऱ्यात गेला आणि शनिवारी, भलत्याच वेळी, त्याने अशी घंटा हाणली की समोरच्या दुकानांतली माणसं रस्त्यावर आली. लेक हसत होती, रडत होती, आणि फोटो काढत होती. पुढच्या बाकावरची ती बाई, मान वळवणारी, माझ्या गळ्यात पडली. मी तिलाही घट्ट धरलं. त्या दिवशी मी कोणालाही धरलं असतं.

आम्ही दोघं हातात हात घालून चर्चच्या पायऱ्यांवर आलो. ऊन चांगलं तापलं होतं. मी म्हटलं, "चला, दुकान उघडायचंय, ती आरामखुर्ची आज द्यायचीय." हे म्हणाले, "थांब." खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. कारखान्याच्या साहेबांचा.

"साहेब, नमस्कार. मी येत नाही कामाला," हे म्हणाले. मग पलीकडचं ऐकत राहिले. "नाही, पगाराचं काही नाही. खोलीही चांगली होती. आज माझं लग्न झालं." साहेब पलीकडून मोठ्याने काहीतरी म्हणाले, त्यातलं 'या वयात?' एवढंच मला ऐकू आलं. हे पायरीवर ताठ उभे होते, पंचविशीतल्या पोरासारखे, आणि माझा हात काही सोडत नव्हते.

"हो ना," हे म्हणाले. "मीही घाबरलोच होतो. पण तिने हो म्हटलं."